कडाडून विरोध इंग्रजीत कसा लिहायचा?

विक्रोळीत विरोध करायला माणसे कमी पडत नाहीत. कन्नमवार नगर असो, टागोर नगर असो की पार्कसाइटचा डोंगर असो, निळा झेंडा खांद्यावर घेऊन रस्त्यावर उतरायचे म्हटले की घराघरांतून लोक बाहेर पडतात. घोषणा खणखणीत असतात, भाषणे रोखठोक असतात. परंतु हाच विरोध कागदावर उतरवायची वेळ आली आणि तो कागद इंग्रजीत असला, की आमच्या वाघांची शेळी होते. रस्त्यावर ज्याने ‘चालणार नाही, चालणार नाही’ म्हणून घसा फोडला, त्याच्याच सहीच्या अर्जात ‘वुई हंबली रिक्वेस्ट’ असे शब्द सापडतात. सुरुवात ‘आय बेग टू स्टेट’ने होते आणि शेवट ‘काइंडली डू द नीडफुल’ने. मधल्या मजकुरात विरोध नेमका कशाला आहे, हे शोधावे लागते.

वाचकहो, हा प्रश्न वरवर पाहता शाळेतल्या व्याकरणाचा वाटेल. पण त्यात आमच्या माणसांची घरे, नोकऱ्या आणि जमिनी गुंतलेल्या आहेत. ‘बेग’ म्हणजे भीक मागणे. ‘भीक मागून निवेदन करतो’ ही भाषा इंग्रजांच्या कचेऱ्यांतील कारकुनांनी रूढ केली, तिला साहेबापुढे वाकायची सवय होती. इंग्रज १९४७ साली गेले, पण त्यांच्या कारकुनाची भाषा आमच्या अर्जांत राहून गेली. ज्या समाजाला मनुवाद्यांनी शतकानुशतके ‘जोहार मायबाप’ म्हणायला लावले, त्या समाजाने तोच जोहार इंग्रजीत का घालावा? आणि व्यवहाराची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जो अर्ज ‘विचार व्हावा’ एवढेच म्हणतो, त्याला ‘विचार झाला’ हे उत्तर पुरते. जो अर्ज ‘आमची हरकत आहे आणि तिची कारणे अशी’ म्हणतो, त्याला उत्तर द्यायचे तर त्या कारणांना हात घालावा लागतो.

मग ठाम इंग्रजी शिकायचे कसे? आमचे म्हणणे असे की त्याची किल्ली मराठीतच आहे. आपण म्हणतो ‘कडाडून विरोध’, ‘तीव्र निषेध’, ‘साफ नकार’, ‘स्पष्ट इन्कार’, ‘सडेतोड उत्तर’. या जोड्या कुणी पाठ करून घेतल्या नाहीत, त्या कानावर पडून अंगवळणी पडल्या. ‘कडाडून निषेध’ किंवा ‘तीव्र इन्कार’ म्हटले तर व्याकरण चुकत नाही, पण कानाला खटकते. इंग्रजीतही नेमके हेच आहे. तिथे प्रत्येक क्रियापदाची आपली ठरलेली क्रियाविशेषणे असतात. ‘ऑपोज’ म्हटले की ‘स्ट्राँगली’, ‘फर्मली’, ‘व्हिहिमंटली’ हे शब्द शोभतात. ‘रिफ्यूज’ला ‘फ्लॅटली’ शोभते. ‘डिनाय’ला ‘कॅटेगॉरिकली’ शोभते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या इंग्रजी वर्तमानपत्र येते त्यांच्या मुलांना हे आपोआप येते. आमच्या मुलांना ते मुद्दाम शिकवावे लागेल. यात बुद्धीचा फरक नाही, कानावर काय पडले याचा फरक आहे.

पहिला धडा क्रियापदाचा. मराठीत ‘नाकारणे’ हा एकच शब्द तीन कामे करतो आणि इंग्रजी लिहिताना तिथेच घोटाळा होतो. आरोप नाकारला, सही करायचे नाकारले, प्रस्ताव नाकारला. इंग्रजीत ही तीन वेगवेगळी क्रियापदे आहेत. आरोप किंवा खोटे विधान नाकारायचे तर ‘डिनाय’. एखादी गोष्ट करायला नकार द्यायचा तर ‘रिफ्यूज’. समोर ठेवलेला प्रस्ताव फेटाळायचा तर ‘रिजेक्ट’. आता पुनर्विकासाच्या कागदावर कुणी लिहिले की ‘वुई डिनाय द प्रपोजल’, तर त्याचा अर्थ होतो असा प्रस्ताव आलाच नाही! विकासकाचा वकील हसेल. लिहायला हवे होते ‘वुई फर्मली रिजेक्ट द प्रपोजल’. उलट ‘तुम्ही संमती दिली होती’ असा खोटा दावा कुणी केला, तर तिथे ‘रिजेक्ट’ अपुरे पडते. तिथे ‘वुई कॅटेगॉरिकली डिनाय’ असे म्हणून, अशी संमती आम्ही केव्हाही दिली नाही हे लिहावे लागते.

दुसरा धडा जोडीचा. आमच्या कार्यकर्त्यांनी पुढील जोड्या वहीत उतरवून घ्याव्यात.

‘स्ट्राँगली ऑपोज’ ही सर्वांत कामाची जोडी आहे. आपल्या ‘कडाडून विरोधा’ची ती बहीण. यात एक खड्डा आहे. मराठीत आपण ‘प्रस्तावाला विरोध’ म्हणतो, म्हणून त्या ‘ला’साठी आपण ‘ऑपोज’नंतर ‘टू’ घालतो. तो घालू नये. मात्र ‘ऑब्जेक्ट’नंतर ‘टू’ लागतोच: ‘वुई स्ट्राँगली ऑब्जेक्ट टू द प्रपोज्ड डिमॉलिशन’.

‘फ्लॅटली रिफ्यूज’ म्हणजे साफ नकार, पुढे बोलणे नाही. कोऱ्या कागदावर सही मागितली तर हीच जोडी वापरावी. ‘स्टेडफास्टली रिफ्यूज’ म्हणजे वारंवार दबाव येऊनही नकारावर टिकून राहणे. पहिल्यात एका क्षणाचा ठामपणा आहे, दुसऱ्यात काळाचा.

‘कॅटेगॉरिकली डिनाय’ म्हणजे कोणतीही पळवाट न ठेवता केलेला इन्कार. ‘व्हिहिमंटली डिनाय’ म्हणजे आवेशाने केलेला इन्कार. कचेरीच्या कागदावर पहिला बरा, दुसरा वार्ताहराच्या लेखणीला शोभतो. कारण आवेश आहे की नाही हे पाहणाऱ्याने सांगायचे असते.

‘युनॅनिमसली रिजेक्ट’ म्हणजे एकमताने फेटाळणे. सोसायटीच्या किंवा वस्तीच्या सभेच्या ठरावात या जोडीची ताकद मोठी आहे, कारण ती किती जोरात बोललो हे सांगत नाही, किती माणसे एका बाजूला होती हे सांगते. मात्र एकाही सदस्याने विरुद्ध हात वर केला असेल तर हा शब्द लिहू नये. खोटा शब्द पुढे आपल्यावरच उलटतो.

‘अनइक्विव्होकली कंडेम’ म्हणजे निःसंदिग्ध शब्दांत निषेध. अत्याचाराच्या घटनेनंतर पुढारी जेव्हा ‘दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा’ म्हणतात, तेव्हा त्यांच्याकडून नेमकी हीच जोडी मागून घ्यावी.

आणि ‘रिस्पेक्टफुली डिसअ‍ॅग्री’. आदर ठेवून मतभेद. ही जोडी मवाळ वाटते, पण न्यायालयात आणि सभेत ती फार उपयोगी आहे. इथे आदर माणसाला आहे, त्याच्या मताला नाही. ‘हंबली रिक्वेस्ट’मध्ये मान खाली जाते, ‘रिस्पेक्टफुली डिसअ‍ॅग्री’मध्ये ती ताठ राहते.

हा सगळा शब्दांचा खेळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहिता उघडावी. १९०८ च्या या कायद्याचा ऑर्डर ८, नियम ३ ते ५ प्रतिवादीने वादीचे म्हणणे कसे नाकारावे हे सांगतो. मोघम नकार चालत नाही, प्रत्येक विधान वेगवेगळे आणि ‘स्पेसिफिकली’ नाकारावे लागते. जे विधान असे नाकारले नाही ते तुम्ही मान्य केले असे धरले जाते. न्यायालयाने मनात आणले तर ते अधिक पुरावा मागू शकते, पण आपण न्यायालयाच्या दयेवर का राहावे? कायद्याने उदाहरणही दिले आहे. अमुक रक्कम घेतल्याचा आरोप असेल, तर ‘तेवढी रक्कम घेतली नाही’ म्हणणे पुरेसे नाही. ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही, असे म्हणावे लागते. भाड्याच्या रकमेवरून विकासकांशी भांडणाऱ्या आमच्या बांधवांनी हे वाक्य काळजावर कोरून ठेवावे. ‘स्पेसिफिकली डिनाय’ या जोडीतले क्रियाविशेषण शोभेसाठी नाही. ते गाळले आणि त्यामागचे काम केले नाही, तर घर जाऊ शकते.

बाबासाहेबांनी ही विद्या कमावली होती. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. पुढे १९२३ साली त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी केन्ससारख्या नामवंत अर्थशास्त्रज्ञाच्या मताला विरोध केला. गंमत अशी की त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनीही आपण लेखकाशी सहमत नाही हे त्याच प्रस्तावनेत सांगून टाकले आणि तरीही त्यांच्या विचारातील ताजेपणाची वाखाणणी केली. शिष्य जगाशी मतभेद करतो, गुरू शिष्याशी मतभेद करतो, आणि कुणाचाही अपमान होत नाही. मतभेद कसा लिहावा याचा हा वस्तुपाठ आहे.

१९२८-२९ साली सायमन कमिशनला सहकार्य करण्यासाठी मुंबई कायदेमंडळाची जी समिती होती, तिच्यावर बाबासाहेब सदस्य होते. बहुमताचा अहवाल त्यांना पटला नाही. त्यांनी त्यावर सही केली नाही. पण नुसता सहीला नकार देऊन ते घरी बसले नाहीत. १७ मे १९२९ रोजी त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. प्रौढ मताधिकाराची मागणी त्यात होती, मुंबई इलाख्यापासून कर्नाटक व सिंध वेगळे करण्याला विरोध होता, आणि प्रत्येक विरोधामागे कारणांची फळी होती. आज आमच्या सभांत ‘आमचा विरोध नोंदवून घ्या’ एवढे बोलून माणसे उठून जातात. नोंदवून घेणारा कारकून काय नोंदवील? आपला विरोध आपणच लिहून द्यायचा असतो.

१९३६ चे उदाहरण तर प्रत्येक भीमसैनिकाला ठाऊक आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणातील काही मजकूर बदलण्याची सूचना केली. बाबासाहेबांनी कळवले की आपण त्यातला स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. या नकारात ‘स्ट्राँगली’ किंवा ‘फर्मली’ नाही. एका स्वल्पविरामाने ते काम केले. ज्याला शब्दांचे वजन कळते त्याला मोठ्या शब्दाची गरज पडत नाही. पण त्या उंचीवर जाण्याआधी पायऱ्या चढाव्या लागतात, आणि या जोड्या म्हणजे त्या पायऱ्या आहेत.

शब्दाची ही ताकद आंतरराष्ट्रीय पातळीवरही दिसली. २००१ साली दर्बान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. जातीचा प्रश्न तिथे घेऊ नये असा भारत सरकारचा पवित्रा होता. दलित कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन जोरदार आवाज उठवला, तरीही अंतिम जाहीरनाम्यात जात हा शब्द आला नाही. पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००२ मध्ये, वंशभेद निर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने आपली २९ वी सर्वसाधारण शिफारस प्रसृत केली आणि जन्मावर आधारित भेदभावात जात येते असे नि:संदिग्धपणे सांगितले. त्या मसुद्यात जातीय भेदभावाबाबत वापरलेली जोडी आहे ‘स्ट्राँगली कंडेमिंग’. मुत्सद्द्यांच्या भाषेत खेद व्यक्त करणे, नापसंती व्यक्त करणे, निषेध करणे आणि तीव्र निषेध करणे या चढत्या पायऱ्या असतात. त्यातल्या सर्वांत वरच्या पायरीवर जातिभेदाला बसवले गेले. एका क्रियाविशेषणासाठी किती माणसांनी किती वर्षे कागद रंगवले असतील, याचा विचार करावा.

आता दुसरी बाजू. काही कार्यकर्त्यांना हे शब्द सापडले की ते प्रत्येक ओळीत पेरतात. ‘स्ट्राँगली’, ‘टोटली’, ‘अ‍ॅब्सोल्यूटली’, ‘व्हिहिमंटली’ अशी रांग लागते. मिठाशिवाय कालवण अळणी, पण मूठभर मीठ टाकले तर ते कुत्रेही खात नाही. एका पत्रात एक किंवा दोन जोड्या पुरे. एक सुरुवातीला, आपली भूमिका सांगताना. एक शेवटी, मागणी करताना. मधली सगळी जागा तारखा, खोलीक्रमांक, पावत्या आणि कायद्याच्या कलमांना द्यावी.

याची साक्ष आमच्या शेजारीच आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. जमाव टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार केला, असे सांगितले गेले. या कहाणीला नुसते ‘तीव्र आक्षेप’ घेऊन ती मोडली नसती. टँकर कुठे उभे होते, गोळ्या कुठे लागल्या, मृतदेह कुठे पडले, यातले अंतर लोकांनी दाखवून दिले. आनंद पटवर्धन यांच्या २०११ सालच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटातही ते दिसते. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ साली संबंधित पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी धरले. क्रियाविशेषणाने दार ठोठावले जाते, दार उघडते ते पुराव्याने.

माहुलचे उदाहरणही तसेच. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून लोकांना माहुलला पाठवले गेले. तिथे रासायनिक कारखान्यांचा आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पांचा विळखा. लोकांनी तिथे राहायला साफ नकार दिला. हा नकार नुसता हट्ट ठरला नाही, कारण त्यामागे हवेच्या प्रदूषणाविषयी राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिलेला निर्णय होता आणि आजारी पडलेल्या माणसांचा अनुभव होता. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा कुटुंबांना दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. ‘फ्लॅटली रिफ्यूज’च्या पुढे ‘बिकॉज’ आला की नकाराला पाय फुटतात.

आणि इंग्रजी हे जादूचे कांडे आहे अशा भ्रमातही कुणी राहू नये. खुद्द विक्रोळीत बुलेट ट्रेनसाठी गोदरेज कंपनीची जमीन घेण्याचा वाद झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये २६४ कोटी रुपयांचा मोबदला ठरला, कंपनीने विरोध केला, आणि ९ फेब्रुवारी २०२३ रोजी उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. उत्तम इंग्रजी आणि उत्तम वकील असूनही कंपनी हरली. मात्र हरण्यापूर्वी तिचे म्हणणे ओळ न् ओळ ऐकले गेले. विक्रोळीतल्या गरीब माणसाचे तेवढे तरी ऐकले जाते का? १८ जुलै २०२१ च्या पहाटे याच विक्रोळीत सूर्यनगरात दरड कोसळून झोपेतली माणसे गाडली गेली. डोंगरावरच्या माणसाला नोटीस मिळते, घर मिळत नाही. त्याला ‘आम्ही जायला तयार आहोत, पण कुठे ते लेखी सांगा’ असे ठामपणे लिहिता आले पाहिजे.

कुणी विचारील, महाराष्ट्राची राजभाषा मराठी असताना इंग्रजीचे हे स्तोम कशाला? प्रश्न रास्त आहे. १९६४ चा राजभाषा अधिनियम आपल्या बाजूने आहे. राज्य सरकारच्या कचेरीत मराठीतच अर्ज द्यावा, उत्तरही मराठीत मागावे आणि इंग्रजी मसुदा हाती दिला तर मराठी प्रत मिळेपर्यंत सही करू नये. २०२० साली केंद्राने पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मसुदा इंग्रजी-हिंदीत काढला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून रोजी तो आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत द्या आणि हरकतींची मुदत वाढवा असा आदेश दिला होता. भाषेचा हक्क असा मागून घ्यावा लागतो. पण राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे सर्वोच्च व उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. केंद्राच्या कचेऱ्या, बँका, कंपन्या, विमानतळे आणि विद्यापीठे इंग्रजीत नकार देतात. ज्या भाषेत आपल्याला नकार मिळतो, त्या भाषेत आपल्यालाही नकार देता आला पाहिजे.

तथागतांनी सम्यक वाचा सांगितली. खोटे, चहाडीचे, कठोर आणि निरर्थक बोलणे टाळायला सांगितले. ठाम बोलू नका असे कुठेही सांगितले नाही. शिवी देणे सोपे असते, कारण शिवीला पुरावा लागत नाही. ठाम नकाराला मात्र आधी आपले घर नीट झाडून घ्यावे लागते: कागद जुळवावे लागतात, तारखा तपासाव्या लागतात, सभा बोलावून खरोखरचे एकमत करावे लागते. म्हणूनच प्रस्थापितांना आमच्या शिव्यांची भीती वाटत नाही, आमच्या लेखी हरकतींची वाटते.

तेव्हा आमचे विक्रोळीच्या आणि साऱ्या मुंबईच्या कार्यकर्त्यांना आवाहन आहे. आपल्या विहारांत रविवारची वंदना झाल्यावर एक तास या कामासाठी ठेवा. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना पुढे बसवा. वस्तीत आलेली खरी नोटीस, खरा करारनामा, नोकरीतले खरे पत्र मध्ये ठेवा. आधी मराठीत ठरवा: हे डिनाय करायचे आहे, रिफ्यूज करायचे आहे की रिजेक्ट? मग त्याची जोडी निवडा. मग कारणे लिहा, क्रमांक टाका, कागद जोडा, पोच घ्या. वर्षभरात प्रत्येक वस्तीत असे पत्र लिहिणारी पाच पोरे-पोरी तयार झाली, तरी अर्जनविसाच्या आणि दलालाच्या दारात उभे राहायची पाळी आमच्या आयाबहिणींवर येणार नाही.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. संघर्ष कागदावरही करायचा असतो, आणि तिथे ‘आय बेग’ लिहिणारी लेखणी बाबासाहेबांच्या लेकरांच्या हातात शोभत नाही.

जयभीम!